थायरॉइड मंदावणे: ओळख, तपासणी आणि गोळी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात दवाखान्यात, औषधांच्या दुकानात आणि रंकाळा तलावावरच्या सकाळच्या फेऱ्यांतही ज्या शंका पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्या येथे एकत्र केल्या आहेत. हा आजार ओळखायला फारसा अवघड नाही आणि त्याचे औषधही महाग नाही. बिघडते ते बहुधा गोळीच्या वेळेवरून आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ या वाक्याच्या चुकीच्या अर्थावरून. त्यामुळे त्या दोन गोष्टींना येथे अधिक जागा दिली आहे. हे वाचून कोणीही आपली मात्रा आपणच बदलू नये.

‘थायरॉइड निघाला’ म्हणजे नेमके काय झाले?

थायरॉइड हे आजाराचे नव्हे, अवयवाचे नाव आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असलेली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी प्रत्येकालाच असते. मराठी पुस्तकांत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. ती मुख्यतः टी ४ आणि थोड्या प्रमाणात टी ३ ही संप्रेरके रक्तात सोडते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातील ऊब, पाळी आणि मेंदूची तरतरी या सगळ्यांचा वेग या संप्रेरकांवर अवलंबून असतो.

ग्रंथीचे काम मंदावले तर त्याला हायपोथायरॉइडिझम म्हणतात आणि ते वाजवीपेक्षा वाढले तर हायपरथायरॉइडिझम. बोलताना मात्र आपण दोन्हींना ‘थायरॉइड’च म्हणतो, आणि तेथेच घोटाळा सुरू होतो, कारण दोन्हींचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. ‘मलाही थायरॉइडच आहे’ असे सांगून शेजारच्या काकूंनी आपली गोळी देऊ केली तर ती का घेऊ नये, याचे उत्तर एवढ्यातच आहे. या पानावर फक्त मंदावलेल्या थायरॉइडचा विचार केला आहे.

टीएसएच वाढला आहे, मग थायरॉइड कमी झाला असे डॉक्टर का म्हणतात?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो आणि तो रास्त आहे. टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचे संप्रेरक आहे आणि थायरॉइडला कामाला लावणे हेच त्याचे काम आहे. आपल्याकडच्या गुऱ्हाळाचे उदाहरण घ्यावे. गुळव्याची नजर काहिलीतल्या रसावर असते आणि चुलवाणात जाळ घालणारा गडी खाली असतो. जाळ मंदावला की गुळव्या हाक मारतो. तरीही आच वाढली नाही तर त्याचा आवाज चढत जातो. टीएसएच ही गुळव्याची हाक आहे आणि टी ४ हा चुलवाणातला जाळ आहे. म्हणून टीएसएचचा आकडा चढलेला दिसला, तर खालचा जाळ कमी पडतो आहे असा अर्थ घ्यायचा. आकडा फार खाली गेला असेल, तर बहुधा जाळ गरजेपेक्षा जास्त झालेला असतो.

क्वचित गुळव्याचाच आवाज बसतो, म्हणजे पीयूष ग्रंथीतच बिघाड होतो. अशा वेळी टी ४ कमी असूनही टीएसएच वाढलेला दिसत नाही. डोक्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा प्रसूतीत अतिरक्तस्राव होऊन गेलेल्या रुग्णांत ही शक्यता मनात ठेवावी लागते. त्यांच्या बाबतीत केवळ टीएसएच पाहून भागत नाही.

कोणत्या लक्षणांवरून शंका घ्यावी?

लक्षणे हळूहळू, महिनोन्‌महिने साचत जातात आणि म्हणूनच ती अंगवळणी पडतात. पुरेशी झोप होऊनही अंग जड वाटते, एरवी सहज होणाऱ्या कामालाही वेळ लागतो, इतरांना उकडत असताना आपल्याला शाल लागते. बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते, केस विंचरताना गुंता हातात येतो, भुवयांचे बाहेरचे टोक विरळ होते. सकाळी चेहरा आणि पापण्या सुजल्यासारख्या दिसतात. आवाज घोगरा होतो. पाळीत रक्तस्राव वाढतो किंवा पाळी अनियमित होते, गर्भधारणा लांबते. हातापायांत गोळे येतात, रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते. नावे आठवेनाशी होतात आणि मन उदास राहते. नाडी मंद लागते, कोलेस्टेरॉल वाढलेले सापडते. कधी गळ्याच्या पुढे सूज, म्हणजे गलगंड, दिसते.

यांपैकी एकही लक्षण केवळ थायरॉइडचे नाही. रक्तक्षय, ब १२ किंवा ड जीवनसत्त्वाची उणीव, मधुमेह, अपुरी झोप आणि नैराश्य यांतही हेच घडते. दुसरीकडे, घरातल्या बाईच्या थकव्याला ‘वयानुसार होतेच’ म्हणून वर्षानुवर्षे बाजूला सारले जाते, हेही तितकेच खरे आहे. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमधील त्याचे एकूण प्रमाण सुमारे ११ टक्के आढळले होते. तेव्हा अशी दोन-चार लक्षणे एकत्र आली आणि काही आठवडे टिकली, तर तर्क करत बसण्यापेक्षा रक्त तपासून घ्यावे. आई, बहीण किंवा मावशी यांपैकी कोणाला थायरॉइडचा त्रास असेल, किंवा स्वतःला पहिल्या प्रकारचा मधुमेह अथवा अंगावर कोड असेल, तर तपासणीचा उंबरठा आणखी खाली ठेवावा.

लक्षणे सगळी जुळतात, पण रिपोर्ट नॉर्मल आहे. मग?

मग कारण दुसरीकडे शोधावे. ‘तरी एकदा गोळी घेऊन बघू’ हा मार्ग योग्य नाही.

तपासणी कोणती करावी आणि ती उपाशीपोटीच करावी लागते का?

सुरुवातीला टीएसएच पुरेसा असतो. तो बिघडलेला आढळला तर त्याच्या जोडीला फ्री टी ४, म्हणजे रक्तात मोकळे असलेले टी ४, पाहतात. टीएसएचची प्रौढांमधील सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०.४ ते ४.५ इतकी धरली जाते, मात्र प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा रिपोर्टवर छापलेली असते आणि तीच पाहावी. या आजारात टी ३ ची फारशी मदत होत नाही. गळ्याची सोनोग्राफी प्रत्येकाला लागत नाही; गाठ हाताला लागत असेल किंवा ग्रंथी मोठी झाली असेल तरच ती सांगितली जाते.

उपाशीपोटी राहण्याची सक्ती नाही. परंतु टीएसएच रात्री आणि पहाटे अधिक, तर दुपारी कमी असतो, त्यामुळे दर वेळी साधारण एकाच वेळेस, शक्यतो सकाळी रक्त द्यावे. गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर ती घ्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तसे आधी सांगावे आणि तपासणीपूर्वी निदान दोन दिवस त्या थांबवाव्यात, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. मोठ्या आजारपणात, रुग्णालयात दाखल असताना केलेली तपासणीही फसवी ठरू शकते.

हा आजार मिठामुळे होतो का?

आयोडीन नसेल तर थायरॉइडला संप्रेरक बनवता येत नाही, हे खरे आहे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रयोग केला, त्यातून गलगंडाचे प्रमाण घटते हे दिसून आले आणि १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

मात्र आज पुड्याचे मीठ खाणाऱ्या घरात थायरॉइड मंदावतो, तो बहुतेक वेळा आयोडीनच्या अभावाने नव्हे, तर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटल्याने. हाकारु हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात. रक्तातील अँटी-टीपीओ ही ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) वाढलेली असतील तर निदानाला बळकटी येते. ती एकदा पाहिली की पुरे. दर वर्षी पैसे खर्चून पुन्हा तपासण्यात अर्थ नाही, कारण उपचार त्या आकड्यावरून ठरत नाहीत. ग्रंथीची शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, लिथियम किंवा अमिओडॅरोन ही औषधे आणि बाळंतपणानंतर ग्रंथीला येणारी सूज ही इतर कारणे आहेत.

मिठाबद्दल सांगायचे ते एवढेच की, स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ वापरावे आणि ते झाकून ठेवावे. लोणच्यासाठी जाडे मीठ आणले तर बिघडत नाही, पण आरोग्यदायी म्हणून घरातले सगळे मीठ बदलून सैंधव सुरू करणाऱ्यांनी त्यात सहसा आयोडीन मिसळलेले नसते हे जाणून घ्यावे. थायरॉइड आहे म्हणून मीठ जास्त खाणे किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या घेणे हेही चूकच, कारण अति आयोडीननेदेखील ग्रंथी मंदावते.

टीएसएच ६ किंवा ७ ‘पॉइंट’ आहे. लगेच गोळी सुरू करावी का?

बहुधा नाही. फ्री टी ४ योग्य असून टीएसएच थोडा वाढलेला असेल, तर ती आजाराची उंबरठ्यावरची अवस्था समजतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. अनेकांचा आकडा तेवढ्यात आपोआप खाली आलेला असतो. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर सहसा गोळी सुरू करतात. त्याखालील आकड्यांत वय, लक्षणे, प्रतिपिंडे आणि हृदयाची स्थिती पाहून निर्णय होतो. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीला लवकर गोळी दिली जाते. सत्तरी ओलांडलेल्यांत मात्र टीएसएच थोडा वर असणे बऱ्याचदा वयाला साजेसेच असते, आणि त्या वयात केवळ रिपोर्ट सरळ करण्यासाठी गोळी देण्यात हितापेक्षा अपाय अधिक होऊ शकतो.

गोळी नेमकी कशी घ्यावी?

औषधाचे नाव लेव्होथायरॉक्सिन आहे आणि ते आपल्या ग्रंथीतून येणाऱ्या टी ४ ची हुबेहूब प्रत आहे. बाटलीवरील २५, ५० किंवा १०० हा आकडा, ज्याला आपण गोळीची पॉवर म्हणतो, मायक्रोग्रॅममध्ये असतो; १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. मात्रा इतकी सूक्ष्म असल्यामुळेच ती पोटात किती शोषली जाते याला महत्त्व येते.

सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य असेल तर तासभर, काहीही खाऊ-पिऊ नये. चहा हे ‘काहीही’मध्ये येते, अर्धा कप बिनसाखरेचा असला तरी येतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पहाटे धारोष्ण दुधाचा पेला रिचवणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण दुधातील कॅल्शियम गोळीचे शोषण घटवते. गोळी आधी आणि कट्टा तासाने, असा क्रम ठेवला तर कोणतीच सवय सोडावी लागत नाही.

कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या तसेच आम्लपित्ताची काही औषधे यांत आणि या गोळीत चार तासांचे अंतर हवे. रक्तक्षय आणि थायरॉइड एकत्र असलेल्या अनेक स्त्रिया दोन्ही गोळ्या सकाळीच ‘एकदाचे आटपून टाकू’ म्हणून घेतात. मग टीएसएच उतरत नाही, पॉवर वाढवली जाते, तरीही उतरत नाही आणि दोष गोळीला दिला जातो. मात्रा वाढवण्याआधी वेळ विचारावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सकाळी खरोखरच जमत नसेल, म्हणजे पहाटे धारा काढायला किंवा पहिल्या पाळीला जावे लागत असेल, तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी चालते. वेळ कोणतीही निवडावी, पण ती रोज तीच असावी. बाटलीचे झाकण घट्ट लावावे आणि गोळ्या मोरीजवळच्या फडताळात ठेवू नयेत. गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसाळी दमट हवेत हे अधिकच पाळावे. कंपनी शक्यतो बदलू नये, बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावा.

एखाद्या दिवशी गोळी विसरली तर?

आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली आणि हृदयविकार नसेल, तर अनेक डॉक्टर दोन गोळ्या एकत्र घ्यायला सांगतात; आपल्या डॉक्टरांचे मत त्याबाबत आधीच विचारून ठेवावे.

नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपवासात गोळी चालते का?

चालते, आणि ती घ्यावीच. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडतो असे मानण्याचे कारण नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे आणि दूध मात्र तासाभराने. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी रात्री झोपताना किंवा सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्यावी.

तीन महिने गोळी घेतली आणि रिपोर्ट नॉर्मल आला. आता बंद करू का?

सर्वांत जास्त रुग्ण येथेच चुकतात. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू आहे म्हणून. ग्रंथी बरी झाली म्हणून नव्हे. चष्मा लावल्यावर अक्षर स्पष्ट दिसू लागले, म्हणून कोणी चष्मा काढून ठेवत नाही. गोळी थांबवली तर पहिले आठ-पंधरा दिवस काहीच जाणवत नाही, कारण रक्तातील टी ४ निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, आणि याच काळात ‘बघा, गोळीवाचून काही अडले नाही’ असा समज पक्का होतो. दीड-दोन महिन्यांनी थकवा आणि सूज परत येते, तोपर्यंत गोळी सोडल्याची गोष्ट विस्मरणात गेलेली असते.

मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच पुन्हा तपासतात, तेही याच कारणाने. आकडा स्थिरावला की सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरते. हाशिमोटोच्या आजारात किंवा ग्रंथी काढून टाकल्यावर गोळी सहसा जन्मभर लागते. बाळंतपणानंतरच्या सुजेमुळे मंदावलेली ग्रंथी अनेकींमध्ये वर्षभरात पूर्ववत होते. उंबरठ्यावरच्या अवस्थेतही कधी कधी गोळी थांबवता येते. ते ठरवायचे मात्र डॉक्टरांनी, रक्ताच्या तपासणीवरून.

जन्मभराची गोळी या शब्दांनी अनेकांना धसका बसतो. पण बाहेरून दिलेले हे संप्रेरक शरीराच्या ओळखीचेच आहे. त्याची सवय लागत नाही आणि योग्य मात्रेत मूत्रपिंडाला धोका नाही. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका रुग्णेला बरे केले, आणि ती त्यापुढे २८ वर्षे जगली.

गोळी सुरू झाली की वजन उतरेल का?

थोडेसे उतरेल. थायरॉइडमुळे वाढणारे वजन सहसा दोन ते पाच किलोंचे असते आणि त्यातला बराचसा भाग अंगात साठलेल्या पाण्या-मिठाचा असतो. पंधरा-वीस किलो वाढलेले असतील तर त्यांचा हिशोब जेवणात आणि चालण्यात मांडावा लागेल. वजन उतरावे म्हणून पॉवर वाढवून मागणे धोक्याचे आहे: छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणे ही त्याची सुरुवात असते आणि पुढे हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करावे का?

नाही. १९२८ मध्ये केवळ कोबीवर वाढवलेल्या सशांना गलगंड झाल्याचे आढळले आणि तेव्हापासून कोबीची बदनामी सुरू झाली, पण आपण ससे नाही आणि शिजवलेली भाजी आठवड्यातून दोन-तीनदा खाल्ल्याने काही होत नाही. सोयाबीन गोळीच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून ते गोळीपासून दूरच्या वेळी खावे. तांबडा-पांढरा रस्सा थायरॉइडसाठी वर्ज्य नाही. तेलाचा विचार कोलेस्टेरॉलसाठी करावा.

योगासने, काढे, कांचनार गुग्गुळ यांबद्दलही विचारणा होते. व्यायामाने आणि आसनांनी बरे वाटते, ते जरूर करावे, पण संपलेल्या ग्रंथीची जागा त्यांतले काहीही भरून काढत नाही. इतर औषध घ्यायचेच असेल तर गोळी न सोडता आणि डॉक्टरांना सांगून घ्यावे.

गरोदरपणात काय काळजी घ्यावी?

पहिल्या दहा-बारा आठवड्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे टी ४ आईकडूनच जाते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच, सोनोग्राफीची वाट न पाहता, टीएसएच तपासावा आणि डॉक्टरांना भेटावे. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीची गरज या काळात साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने वाढते. निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी करतात आणि टीएसएच सहसा २.५ च्या खाली ठेवतात. प्रसूतीनंतर मात्रा पूर्वीवर आणतात. ‘पोटुशीने कशाला गोळ्या खायच्या’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला मायेतून आलेला असला तरी या एका बाबतीत ऐकू नये. स्तनपानातही ही गोळी सुरक्षित आहे.

नवजात बाळाची तपासणी करावी का?

अवश्य करावी. साधारण हजार-दीड हजार बाळांमागे एकाची ग्रंथी जन्मतःच काम करत नाही आणि पहिले काही आठवडे बाळ वरवर अगदी नीट दिसते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास टाचेतून घेतलेल्या रक्तावरून निदान होते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखेच वाढते. उशीर झाला तर बुद्धीचे होणारे नुकसान भरून येत नाही. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी ‘टीएसएच घेतला का’ हे स्वतःहून विचारावे.

घरातील वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत वेगळे काही आहे का?

वय झालेले असेल किंवा हृदयविकार असेल तर मात्रा १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून सावकाश वाढवतात, कारण मंदावलेल्या हृदयाला एकदम वेग दिल्यास छातीत दुखू शकते. उपचार सोडलेल्या वृद्ध रुग्णाचे अंग गार पडले, तो सतत गुंगीत राहू लागला, श्वास संथ झाला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, विशेषतः थंडीत किंवा न्यूमोनियासारख्या आजारात, तर ती तातडीची अवस्था आहे. अशा वेळी घरी गोळ्या देत न बसता कोल्हापूरच्या सी.पी.आर. (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्वरित न्यावे.

पुरात घर सोडावे लागले आणि गोळ्या घरीच राहिल्या, तर?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न पंचगंगेकाठच्या माणसांसाठी काल्पनिक राहिलेला नाही. तीन-चार दिवस गोळी चुकली तर घाबरण्यासारखे काही होत नाही, कारण रक्तातला साठा हळूहळू उतरतो. इन्सुलिन किंवा फिट्सच्या औषधाइतकी ही घाई नाही. निवारा केंद्रातील आरोग्य पथकाला औषधाचे नाव आणि पॉवर सांगितली की गोळी मिळवता येते, म्हणून बाटलीवरील लेबलचा फोटो मोबाइलमध्ये असावा. गरोदर स्त्री, लहान मूल आणि ग्रंथी पूर्ण काढलेला रुग्ण यांनी मात्र पहिल्याच दिवशी तशी मागणी करावी. पुराच्या पाण्यात भिजलेली बाटली, आतल्या गोळ्या कोरड्या दिसत असल्या तरी, टाकून द्यावी.